भिंतीवरचा गुप्तरोग आणि र. धों. कर्वे

मोहाडीहून तुमसरकडे जा नाहीतर भंडाऱ्याकडे, रस्त्याकडेच्या भिंतींवर सिमेंट, बियाणे आणि शिकवणी वर्गांच्या जाहिरातींमध्ये एक जाहिरात हमखास दिसते. गुप्तरोग, कमजोरी, खात्रीचा इलाज, आणि खाली मोबाईल नंबर. सरकारी दवाखान्यात मी इतकी वर्षे काढली, पण उघडपणे गुप्तरोग हा शब्द उच्चारून ओपीडीत आलेला रुग्ण क्वचितच पाहिला. रुग्ण येतो तो कंबर दुखते म्हणून किंवा लघवीला जळजळ होते म्हणून. खरी तक्रार निघते ती दाराच्या कडीला हात लावल्यावर, जाता जाता. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला शब्द डॉक्टरच्या खोलीत मात्र तोंडातून निघत नाही.

हाच शब्द मराठीत पुस्तकाच्या नावात घेणारे एक गृहस्थ मुंबईत होऊन गेले. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे त्या पुस्तकाचे नाव. लेखक डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव संततिनियमनासाठी सगळ्यांना माहीत आहे. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ चित्रपट अनेकांनी पाहिलाही असेल. पण गरमी आणि परमा या दोन आजारांविषयी त्यांनी किती लिहिले, हे आमच्या वैद्यकीय व्यवसायातल्या लोकांनाही फारसे ठाऊक नसते. गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गनोरिया. आपल्या भागात जुनी माणसे आजही याच नावांनी ओळखतात.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२चा. वडील धोंडो केशव, म्हणजे पुढचे महर्षी कर्वे. मूळ गाव दापोलीजवळचे मुरुड. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि मुरुडने या कुटुंबावर बहिष्कार टाकला. म्हणजे समाज एखाद्याला वाळीत टाकतो म्हणजे नेमके काय करतो, हे या मुलाने अकराव्या वर्षीच घरात बसून पाहिले. पुढच्या आयुष्यात लोकनिंदेचा त्यांच्यावर जो नगण्य परिणाम होत असे, त्याचे मूळ मला या दिवसांत दिसते. अर्थात हा माझा तर्क.

मुलगा विलक्षण हुशार होता. १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला, फर्ग्युसन कॉलेजात शिकला, गणित शिकवू लागला. पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्याच पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेला. हे पॅरिस गरमीच्या इतिहासातही महत्त्वाचे शहर आहे. आजाराचा जंतू १९०५ मध्ये जर्मनीत सापडला होता. स्क्रूसारखा वळणदार, इतका नाजूक की शरीराबाहेर फार वेळ तग धरत नाही. पुढच्याच वर्षी वासरमान यांची रक्ततपासणी आली आणि त्याच १९०६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉफ आणि रू यांनी पारायुक्त कॅलोमेलचे मलम संबंधानंतर लगेच लावले तर लागण टळू शकते, असे दाखवले. १९१० मध्ये एर्लिख यांचे सोमल असलेले ६०६ नंबरचे औषध बाजारात आले. म्हणजे कर्वे पॅरिसला पोहोचले तेव्हा कारण माहीत होते, तपासणी होती आणि धोकादायक का होईना, औषधही होते. नव्हते ते एवढेच, की ही माहिती सामान्य माणसाला त्याच्या भाषेत कोणी सांगत नव्हते. आपल्याकडे तर मुळीच नाही.

खरे तर आपल्याकडे या आजाराची नोंद जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात त्याला फिरंगरोग म्हटले आहे, फिरंग्यांकडून आलेला म्हणून. त्या काळी युरोपातही हेच चालले होते. इटलीत तो फ्रेंच आजार आणि फ्रान्समध्ये नेपल्सचा. प्रत्येकाला तो शेजाऱ्याकडूनच आलेला हवा होता. ओपीडीत आजही तेच ऐकू येते. सार्वजनिक संडासातून लागला, लॉजच्या चादरीतून लागला, कोणाची तरी लुंगी नेसलो म्हणून लागला. यातल्या कशानेही गरमी होत नाही. लागण होते ती संबंधातून, बाधित रक्तातून किंवा गर्भातल्या बाळाला आईकडून.

परत आल्यावर १९२१ मध्ये कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. १९२३ मध्ये संततिनियमनावरचे त्यांचे मराठी पुस्तक आले. ते तेव्हा विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते, आणि कॉलेज मिशनऱ्यांचे. नोकरी हवी असेल तर हा प्रचार थांबवा, अशी निवड पुढे आली. १९२५च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई या निर्णयात बरोबर होत्या. स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही हे तर दोघांनी आधीच ठरवले होते. ठरलेला पगार गेला आणि तो तसा पुन्हा कधी परत आला नाही.

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. पुढची २६ वर्षे कर्व्यांनी ते जवळजवळ एकहाती चालवले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे अनेक घरांत ते गादीखाली ठेवून वाचले जाई. मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा. दूरदूरच्या गावांतून लोक पत्रे लिहीत. समोरासमोर जे विचारता येत नव्हते ते पोस्टाने विचारत. आणि उत्तर देणारा माणूस त्यांना पापी ठरवत नसे, उपदेशही करत नसे. काय होते, का होते, काय करावे, एवढे सांगून मोकळा होई. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो, मेंदू बिघडतो या समजाला तर त्यांनी सपशेल खोटे ठरवले. आज एवढ्या वर्षांनीही भिंतीवरच्या जाहिरातवाल्यांचा निम्मा धंदा त्याच समजावर चालतो. तरुण पोरे धानाच्या चुकाऱ्याचे पैसे नसलेल्या आजारावर घालवतात.

आणि उरलेला निम्मा धंदा खऱ्या आजारावर चालतो. तो कसा, हे समजले की गरमी समजली.

संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी, जंतू शिरला त्या जागी एक फोड येऊन जखम होते. काठ टणक, पण दुखत नाही. बाईमध्ये ती आतल्या बाजूला असली तर दिसतही नाही. जांघेत गाठ येते. घाबरलेला माणूस तंबूतल्या वैद्याकडे जातो, पुड्या घेतो, आणि तीन ते सहा आठवड्यांत जखम भरून येते. वैद्याचे नाव होते. पण ती जखम काहीच केले नसते तरी भरली असती, राख लावली असती तरी भरली असती. जंतू तोवर रक्तात गेलेला असतो. काही आठवड्यांनी, महिन्यांनी अंगावर न खाजणारे चट्टे उठतात, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर. बारीक ताप येतो, घसा दुखतो, डोक्याचे केस ठिकठिकाणी विरळ होतात. तेही आपोआप जाते. पुन्हा कोणत्या तरी पुडीचे नाव होते. मग आजार वर्षानुवर्षे गप्प बसतो. काहींमध्ये दहा-वीस वर्षांनी तो हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीत, मेंदूत किंवा मज्जारज्जूत उठतो, तेव्हा त्या जुन्या फोडाची कोणाला आठवणही नसते. मधल्या काळात तो माणूस लग्न करतो, बायकोला दिवस जातात.

इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या एका जिल्ह्यात असताना, एक बाई चौथ्यांदा गरोदर राहून आली होती. पहिला गर्भ पडला होता, दुसरे बाळ पोटातच गेले होते, तिसरे जन्मून आठवडाभर जगले. सासरच्यांनी करणी उतरवून झाली होती, नवस झाले होते, दुसऱ्या लग्नाची बोलणी चालू होती. तपासणीचा अहवाल आला तेव्हा कर्मचाऱ्याने बाहेरच्या व्हरांड्यात तिचे नाव घेऊन तो मोठ्याने वाचला. रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिले. मी खोलीत होतो, मला ऐकू आले होते, आणि मी उठून बाहेर गेलो नाही. इंजेक्शन लिहून दिले. नवऱ्यालाही आणायला सांगितले असे मला वाटते, पण त्याचा पाठपुरावा केला नाही. ती पुन्हा आली नाही. त्या बाळाचे काय झाले मला माहीत नाही. त्या अहवालात दोष बाईचा आहे असे काहीच लिहिलेले नव्हते, पण व्हरांड्याने तसा निकाल देऊन टाकला होता.

कर्वे याच निकालाविरुद्ध लिहीत होते. इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात सैनिकांना गरमी होऊ नये म्हणून कायदा केला होता. त्यात वेश्यांची सक्तीने तपासणी होई, बाधित बाईला खास रुग्णालयात कोंडून ठेवत. सैनिक मोकळा. तो कायदा पुढे रद्द झाला, पण विचार उरला. वेश्याव्यवसायावरही कर्व्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. तिथे त्यांची दृष्टी नीतीची नाही, आरोग्याची आहे. बाईला शिक्षा करून आजार जात नाही, आणि रबराचे जे साधन नको असलेले मूल टाळते तेच आजारही टाळते, हा हिशेब ते गणिती माणसाच्या कोरडेपणाने मांडत. त्यांचा हा कोरडेपणा पुष्कळांना झोंबे. विरोधकाची टर उडवताना ते हात आखडता घेत नसत आणि त्यामुळे जवळ येऊ शकले असते असे काही लोक दुरावले असावेत. साधनांवरचा त्या काळचा भरवसाही मला डॉक्टर म्हणून थोडा जास्त वाटतो. कंडोमने धोका बराच कमी होतो, पण जखम झाकल्या न जाणाऱ्या जागी असेल तर लागण होऊ शकते. तपासणी आणि जोडीदारासह उपचार याला पर्याय नाही. पण त्यांच्या हातात तेव्हा तेवढेच होते.

१९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला, या वेळी वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा नुकत्याच आटोपल्या होत्या, राजकारणाची केवढी धामधूम होती, तरी या तोट्यातल्या मासिकाच्या संपादकाचे वकीलपत्र त्यांनी घेतले. लोकांना लैंगिक शंका असतात, त्यांनी त्या विचारल्या आणि जाणकाराने शास्त्रीय उत्तर दिले, तर त्यात अश्लील काय, असा त्यांच्या बचावाचा रोख होता. खटला हरले. २०० रुपये दंड झाला. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्ताव आणला, तोही फेटाळला गेला. मासिक मात्र दर महिन्याला निघत राहिले.

१९४३ मध्ये अमेरिकेत महोनी यांनी गरमीच्या चार रुग्णांना पेनिसिलिन दिले आणि चौघांच्याही जखमांतले जंतू नाहीसे झाले. सोमल आणि पारा यांचे दिवस तिथे संपले. मराठी घरापर्यंत ते औषध पोहोचायला वेळ होता. दरम्यान मालतीबाई गेल्या. रघुनाथराव एकटेच लिहीत, छापत, पत्रांना उत्तरे देत राहिले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, एवढे त्यांना पाहता आले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. समाजस्वास्थ्याचा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३चा. त्यानंतर चारच महिन्यांनी, १९५४च्या मार्चमध्ये, पिंपरीच्या सरकारी पेनिसिलिन कारखान्याची कंपनी स्थापन झाली. वडिलांना भारतरत्न मिळाले १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी. मुलगा तेव्हा हयात नव्हता. निरोध नावाने कंडोम किराणा दुकानात, चहापत्तीच्या शेजारी, १५ पैशांना तीन मिळू लागले ते १९६८ पासून.

आज सुरुवातीच्या गरमीला बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक वेळचे इंजेक्शन पुरते. आजार जुना असेल किंवा कधी झाला ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. दोन्ही कुल्ल्यांत देतात, दुखते, आणि त्या रात्री थोडा ताप आला तर घाबरायचे कारण नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधी सांगावे, दुसरी औषधे आहेत. गरोदर बाईला मात्र पेनिसिलिनच लागते, कारण तेच बाळापर्यंत खात्रीने पोहोचते. जिल्हा रुग्णालयात यासाठी सुरक्षा क्लिनिक असते. तपासणी, समुपदेशन, औषध सगळे मोफत. जननेंद्रियावरच्या जखमेसाठी पांढऱ्या रंगाचे तयार पाकीट ठेवलेले असते, रंगावरूनच ओळखता येते, नाव मोठ्याने घ्यावे लागत नाही. ज्यांना आधी फोनवर विचारायचे असेल त्यांच्यासाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. माझ्या मते तो आजचा समाजस्वास्थ्याचा पत्ता.

एकदा बरे झाल्यावर पुन्हा होत नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. नवऱ्याने उपचार घेतला नाही तर बायकोला पुन्हा होतो, आणि उलटेही. म्हणून तीन, सहा आणि बारा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचे असते. जखम असलेल्या माणसाला एचआयव्हीची लागणही सहज होते, त्यामुळे दोन्ही तपासण्या एकत्र करतात. गरोदरपणात तर पहिल्याच भेटीत बोटाच्या टोकातल्या थेंबाभर रक्तावर एचआयव्ही आणि गरमी दोन्ही कळतात. वेळेवर सापडले तर बाळ वाचते, अगदी निरोगी जन्मते. गरोदरपणाचे पहिले तीन महिने हातचे जाऊ नयेत, एवढेच आशाताईंना मी पुन्हा पुन्हा सांगत असतो.

आपल्याकडे अडचण येते ती हंगामाची. धान कापून, चुरून झाले की पुष्कळ पुरुष कामाला नागपूर, रायपूर, हैदराबादकडे निघतात, ते रोवणीला परततात. बायको तपासणीला येते तेव्हा नवरा गावात नसतो. मग फोनवर काय सांगायचे, हा प्रश्न तिच्यापुढे असतो. मी तिला सांगतो की आजाराचे नाव तू सांगू नकोस, डॉक्टरांनी दोघांचे रक्त मागितले आहे एवढेच सांग. बाकी मी बोलतो. खोलीचे दार लावून घेतो. अहवाल तिच्या हातात देतो, दुसऱ्या कोणाच्या नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची विशेष तपासणी असते. त्या दिवशी आवारात मोटारसायकलींची रांग लागते. नवरे बायकोला दारात सोडतात आणि झाडाखाली मोबाईल बघत उभे राहतात. दोन वर्षांपासून आमच्या सिस्टर बाहेर जाऊन त्यांनाही आत बोलावतात, तुमचेही वजन, रक्तदाब, रक्त बघू म्हणून. सुरुवातीला कोणी हलत नसे. गेल्या महिन्यात सात जण आत आले. त्यातल्या एकाने, रक्त देऊन झाल्यावर, दाराची कडी धरून वळून मला काहीतरी विचारले, आणि मी त्याला परत खुर्चीत बसायला सांगितले.